डाव्या हाताची खुर्ची

१

रक्त तपासायच्या त्या लॅबचं दार सकाळी उघडलं की पहिला तासभर कुणाला डोकं वर काढायला सवड नसे. सगळी माणसं उपाशीपोटी आलेली, आणि उपाशी माणसाइतका चिडका प्राणी जगात दुसरा नाही. काचेपलीकडे लोखंडी खुर्च्यांच्या रांगा होत्या. एकेका रांगेतल्या खुर्च्या एकाच दांड्यावर जोडलेल्या, त्यामुळे कुणी बसलं की, उठलं की, अख्खी रांग करकरायची. काचेच्या अलीकडे ती बसायची. नाव विचारायचं, बाटलीवर चिकटवायची पट्टी काढायची आणि माणसाला आत पाठवायचं, एवढंच काम. पण त्यात तिला एक कसरत करावी लागायची, जी तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर करावी लागली नसती.

तिचा डावा डोळा जन्मापासून बाहेर वळलेला होता. उजव्या डोळ्याने ती समोरच्याकडे बघायची आणि डावा त्याच्या शेजारच्याकडे रोखलेला असायचा. नवख्या माणसाला यातला खरा कोणता ते कळायचंच नाही. ती एकाला म्हणायची, "तुम्ही या," आणि उठायचा भलताच. तो काचेपाशी येऊन उभा राही, मागून खरा माणूस ओरडे, "अहो, नंबर माझा आहे," आणि सकाळी सकाळी तंटा सुरू. शेवटी तिने पेन वापरायला सुरुवात केली. पेनाचं टोक ज्याच्याकडे, तो उठेल.

आत रक्त घ्यायला एक गृहस्थ बसत, त्यांना सगळे सुईवाले काका म्हणत. ते म्हणायचे, "मालक मोठा हुशार. एका पगारात दोन बाया ठेवल्यात. एक इकडे बघते, एक तिकडे." तीही हसायची. शाळेपासून चकणी, तिरळी सगळं ऐकून झालं होतं. ऐकून ऐकून माणूस निबर होतो म्हणतात, पण ते म्हणणाऱ्याचा डोळा बहुधा सरळ असतो.

एका दिवशी गर्दी लवकर ओसरली. समोर एकच आजोबा उरले होते, मधल्या रांगेत, काठी गुडघ्यांत धरून. एकटाच माणूस म्हटल्यावर पेन कशाला? ती म्हणाली, "तुम्ही या, आजोबा."

आजोबा उठले नाहीत. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून बघितलं आणि पाय आवरून घेतले, कुणाला जायला वाट द्यावी तसे.

"आधी ह्या बाईंना घ्या ना. ह्या माझ्या आधीपासून बसल्यात."

"कोणत्या बाई?"

आजोबांनी पुन्हा वळून बघितलं. मग चेहऱ्यावरून हात फिरवला. "गेल्या वाटतं. तुम्ही त्यांच्याकडेच तर बघत होतात."

दुपारी त्यांचा रिपोर्ट आला. साखर बरीच उतरलेली होती, म्हणजे भासच झाला असणार. ते वाचून तिला बरं वाटलं.

२

घरी तिच्या मुलीचाही डावा डोळा तसाच होता. पाच वर्षांची पोर, एका जागी घटकाभर ठरायची नाही म्हणून सगळे तिला खारू म्हणत. ती जन्मली तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून आईला रडू कोसळलं होतं. बाकी माझं काय हवं ते घे, एवढं एक नको होतंस घ्यायला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई समजावून सांगायला कंटाळायच्या नाहीत. म्हणाल्या, "दोन डोळे दोन वेगळ्या जागा बघतायत. दोन्ही चित्रं घेतली तर गोंधळ उडेल, म्हणून मेंदू एका डोळ्याकडे चक्क कानाडोळा करतो. डोळा बघत असतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही. वर्षानुवर्षं ऐकलं नाही की तो अधू होतो. हिचं वय अजून हातात आहे. चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावा, म्हणजे हा कामाला लागेल. मग ऑपरेशन करून सरळ करू. फार थांबलात तर नजर कायमची जाईल त्या डोळ्याची."

खारू पाय हलवत ऐकत होती. तिने विचारलं, "मग तो डोळा जे बघतो ते कोणाला सांगतो?"

"कोणालाच नाही," डॉक्टरबाई हसल्या.

"पण ज्याला बघतो, त्याला वाटत असेल ना, की आपल्याकडे बघतायत."

"असेल बुवा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या.

ऑपरेशन म्हटल्यावर खारूने घर डोक्यावर घेतलं. डोळ्याला कात्री लावणार या कल्पनेने ती पलंगाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. तेव्हा आई फरशीवर पालथी पडून पलंगाखाली म्हणाली, "आधी मी करून घेते. माझं बघ, मग तू. चालेल?"

"दुखलं तर सांगशील?"

"सांगेन."

"खोटं नाही?"

"खोटं नाही."

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की या वयात डोळा सरळ दिसेल, पण नजर काही फारशी वाढणार नाही. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "दिसायला तर सरळ होईल. निम्मं जग तेवढ्यावरच चालतं." आणि गंमत केल्यावर तिचा हात बराच वेळ धरून बसला.

३

डोळा सरळ झाला. आधी लालभडक, मग गुलाबी, मग रोजच्यासारखा. खारूने जवळ येऊन, नाकाला नाक लावून तपासलं आणि विचारलं, "दुखलं?"

"खडा गेल्यासारखं टोचलं. मग थांबलं."

खारूने मान डोलावली. तिला ते पटलेलं दिसलं.

एकच गोष्ट कमी झाली होती, आणि तीही डॉक्टरबाईंनी आधीच सांगितली होती. बाहेर वळलेल्या डोळ्याला त्या बाजूचं जरा जास्त दिसतं, आता तेवढं दिसणार नाही. त्यामुळे ती डाव्या खांद्याने दाराच्या चौकटींना धडकायची. आणखी एक ताकीद होती. "दमलात की डोळा पुन्हा बाहेर जायला बघेल. जाऊ देऊ नका."

लॅबमध्ये परत आली त्या सकाळी तिने पेन खाली ठेवलं. एका बाईंकडे बघून म्हणाली, "तुम्ही या." त्याच बाई उठल्या. पुढच्या माणसाला म्हणाली, तोच उठला. थोड्या वेळाने ती हात धुण्याच्या निमित्ताने आत गेली आणि नळ सोडून तिने रडून घेतलं. सुईवाले काका बाहेरून म्हणाले, "आता मालक तुझा पगार अर्धा करणार बघ."

दुपारी बाहेर कुणीच नव्हतं. ती मान खाली घालून बाटल्यांवर पट्ट्या चिकटवत होती. मधल्या रांगेतून कुणी उठावं तशी रांग करकरली. तिने वर बघितलं. रांगा रिकाम्या होत्या. ती पुन्हा कामाला लागली. मग पुढची रांग करकरली. या वेळी आवाज बसण्याचा होता. बसण्याचा आणि उठण्याचा आवाज वेगळा असतो, हे रोज ऐकणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

रात्रीच्या जेवणाला तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लोखंड आहे. गार-गरम झालं की बोलतं. आमच्या लिफ्टी तर बाराही महिने कुरकुरतात." ते खरंच होतं, आणि तिने तेच धरून ठेवायचं ठरवलं.

४

नंतर काचेवर डाग दिसायला लागले. काच रोज सकाळी स्वच्छ पुसलेली असायची. जेवणाची सुट्टी संपवून ती परत आली की बाहेरच्या बाजूने, तिच्या तोंडासमोर, वाफेचा एक गोल असायचा. हळूहळू विरून जायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना तळव्यांचे ठसे असायचे, ते मात्र विरायचे नाहीत.

एकदा सुईवाले काका फडकं घेऊन पुसताना दिसले. "तुझ्या बहिणीला सांग, काचेला नाक लावून उभं राहायचं नाही म्हणावं. मेलं पुसायला मलाच लागतं."

"मला बहीण नाही, काका."

"मग चुलत असेल, मावस असेल. काल तू जेवायला गेलीस तेव्हा आली होती. तुझाच चेहरा की. मी म्हटलं, बसा, येईलच ती."

"मग?"

"मग काय, बसली असेल. मी गेलो आत."

तिने फडकं त्यांच्या हातातून घेतलं. ते कशाला घेतलं हे तिलाही कळलं नाही. "तिचा डोळा कसा होता?"

काकांनी आठवून बघितलं. "ते नाही बुवा सांगता येणार. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्या खुर्चीकडे बघत होती. अशी, नंबर कधी लागतोय म्हणून बघतात ना, तशी."

तिला वाटलं, काका म्हातारे झाले. मग वाटलं, आजोबाही म्हातारे होते, आणि म्हाताऱ्यांच्या माथी सगळं मारता येतं. त्या संध्याकाळी काउंटर आवरताना ती समोरच्या सगळ्या खुर्च्यांवर एकेक करून सरळ नजर टाकत गेली. एकाही खुर्चीवर काही नव्हतं. पण नजर पुढे सरकली की आधीच्या खुर्चीला ते आवडत नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि ती पर्स उचलून जवळजवळ पळालीच.

पुढच्या आठवड्यात काच स्वच्छ राहिली. रांगा गप्प झाल्या. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. सुटले एकदाची, तिला वाटलं. खूप दिवसांनी ती घरी जाताना गुणगुणत गेली.

५

खारूच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तिला टीव्हीपुढे बसवायचं, हा आता संध्याकाळचा नेम झाला होता. चांगला डोळा झाकला की बाहेर वळलेला डोळा नाइलाजाने सरळ होऊन समोर बघतो. डॉक्टरबाईंच्या मते तीच खरी शिकवणी.

त्या दिवशी आई मागे पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खारू फरशीवर मांडी घालून बसली होती. तिने मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. मग अर्धवट उठून, उंच होऊन बघितलं. टीव्हीपुढे कुणी उभं राहिलं की आपण करतो ना, अगदी तसंच. समोर कुणी नव्हतं.

"जरा सरका ना तुम्ही," खारू म्हणाली.

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. खारू घरात कुणालाही अहो-जाहो करायची नाही. बाप तर तिच्या तोंडी कायम 'अरे बाबा'.

"कोणाला म्हणतेस गं?"

"त्यांना."

"कोणत्या त्यांना?"

"त्याच गं. तुझ्याकडे होत्या ना, त्या." खारूचं लक्ष टीव्हीतच होतं. "पट्टी नसली की बाजूला बसतात. मग चालतं. पट्टी लावली की पुढे येतात. अगदी पुढे."

"घाबरवतात तुला?"

खारूने विचार केला. "नाही. नुसत्या बघतात, मी बघतेय का ते."

आई उठली. टीव्ही आणि मुलगी यांच्यामधल्या जागेत गेली आणि वेड्यासारखे हात फिरवले. हाताला काही लागलं नाही. पण ती अनवाणी होती, आणि सगळी फरशी गार असताना तेवढी एक जागा कोमट होती, कुणीतरी बराच वेळ उभं असावं तशी. तिने खारूच्या डोळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली. खारू कळवळली, "आई, दुखलं ना!" आणि आईने तिला छातीशी धरून पुन्हा पुन्हा सॉरी म्हटलं. खारूचा डावा डोळा तिच्या कुशीतूनच बाहेर वळला आणि पलंगाच्या रिकाम्या टोकाशी स्थिरावला.

६

नवरा म्हणाला, "पोरीने तुझंच ऐकलंय. तू जेवताना खुर्च्यांच्या गोष्टी सांगतेस, ती कान टवकारून असते."

"मग फरशी?"

"फरशीखालून गरम पाण्याचा पाइप गेलाय." तो थांबला. "आपल्या घरात नसेल गेला, पण खालच्यांचा असेल."

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर तिला मनापासून हवं होतं. तिने डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं, ऑपरेशन पुढे ढकललं तर? नाहीच केलं तर? डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "स्वतःचं करून घेतलंत आणि मुलीचं नको म्हणता? तुमचं झालं नाही वेळेवर, त्याची भरपाई आहे ही."

नाही केलं तर खारूचा तो डोळा जाणार आणि सारा जन्म ती चकणी म्हणवून घेणार. केलं तर त्या बाईची बाजूला बसायची जागा संपणार. पट्टी निदान काढता येत होती. एकदा सरळ झालेला डोळा पुन्हा वाकडा करता येत नाही, आणि मग ती जी कोण होती ती पोरीच्या पुढ्यात, अगदी पुढ्यात, उभी राहणार. कायमची.

तिने मनाशी हिशेब मांडला. एवढी वर्षं आपला डोळा तिच्याकडे लागलेला होता, तेव्हा तिने कुणाला त्रास दिला नाही. नुसती शेजारी बसून राहिली. आपण नजर काढून घेतली म्हणून ती उठली आणि शोधत पोरीपर्यंत आली. तिला बघणारं कुणीतरी हवं आहे. मग ते आपण असू. आपल्याला सवय आहे. आईने निस्तरायचं नाही तर कुणी?

७

ऑपरेशनच्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात त्या तिघांना बसवलं होतं. तिथेही तशाच लोखंडी खुर्च्या, एका दांड्यावर जोडलेल्या. नवरा औषधं आणायला खाली गेला. खारू दवाखान्याचा सैल झगा घालून समोरच्या चाकाच्या खुर्चीत बसली होती, पाय लटकत होते. तिचा डावा डोळा आईच्या पलीकडे, भिंतीशी लागला होता.

"आई, त्या आत येणार का गं माझ्याबरोबर?"

"नाही. त्या इथे माझ्याजवळ बसणार आहेत."

"खोटं नाही?"

"खोटं नाही."

ती मागे टेकली आणि डावा डोळा सैल सोडला. इतके दिवस धरून ठेवलेला, जाऊ द्यायचा नाही म्हणून बजावलेला डोळा आपणहून बाहेर गेला. डाव्या बाजूचं हरवलेलं जग काठाकाठाने परत आलं. दाराची चौकट, आग विझवायची लाल नळकांडी, शेजारची खुर्ची. मग तिने काउंटरवरच्या रोजच्या आवाजात, हळू, म्हटलं, "तुम्ही या. हो, तुम्हीच. इथे बसा. मी बघतेय तुमच्याकडे."

तिच्या डाव्या हाताची खुर्ची करकरली. बसण्याचा आवाज.

तिने मान वळवली नाही. डोळ्याच्या कडेला एक गुडघा दिसला, त्यावर ठेवलेले दोन हात दिसले. हातांची बोटं एकमेकांत गुंतवलेली होती, ती स्वतः गुंतवते तशी. बाहीचा रंगही तिच्याच बाहीचा होता. याहून जास्त तिला बघायचं नव्हतं.

समोर खारूच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "आई, गेल्या. तिथे कोणी नाही आता."

नर्स आली आणि खारूला आत घेऊन गेली. दार मिटेपर्यंत खारू मागे वळून हात हलवत होती. आईनेही हलवला. कडेला दिसणाऱ्या हातांपैकी एक तेवढाच वर झाला होता, हे तिने बघून न बघितल्यासारखं केलं. डोळा दुखत होता, पाणी वाहत होतं, पण तिने तो हलू दिला नाही. जमतंय, तिला वाटलं. आयुष्यभर करायचं म्हटलं तरी जमेल. पोर सुटली. तिला इतकं हलकं वाटलं की हसू आलं.

आतून रडणं ऐकू आलं. दार उघडून नर्सने डोकं बाहेर काढलं. "मुलगी घाबरलीये. भूल चढेपर्यंत आईला आत बोलावलंय." नर्सने खुर्च्यांकडे सरळ बघितलं आणि म्हटलं, "तुम्ही या."

डाव्या हाताची खुर्ची करकरली. उठण्याचा आवाज.

आई ताडकन उभी राहिली. तेवढ्यात नर्स दार धरून बाजूला झाली, कुणाला आत जायला वाट द्यावी तशी. मग दार ओढून घ्यायला लागली. आईने धावत जाऊन दारात हात घातला. नर्सने तिच्याकडे बघितलं, मग मागे, आत बघितलं, आणि समजुतीने म्हणाली, "तुम्ही बसा हो बाहेर. एकालाच सोडतात. तिची आई गेलीये आत."

"मी आई आहे तिची," ती म्हणाली. ते म्हणताना आपली नजर नर्सवर आहे की शेजारच्या भिंतीवर, हे तिला स्वतःलाच कळत नव्हतं. नर्सने वळून भिंतीकडे बघितलं.

आतलं रडणं थांबलं होतं. खारूचा आवाज आला, पेंगुळलेला, निवांत.

"आई, तू हात सोडू नकोस हं."

नर्सने तिची बोटं हलकेच चौकटीवरून बाजूला केली आणि दार लावून घेतलं. तिच्या मागे व्हरांड्यातल्या खुर्च्यांची रांग रिकामी होती, आणि आता तिच्यातून काहीच आवाज येत नव्हता.